नव्या ३२-बिट प्रोसेसरांवर ६४-बिट टाइम_टी आणि ऑफ_टी: काय मोडतं, कुठे मोडतं

पोर्टवाली

३२-बिट लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी धागा काढतेय. प्रश्न नेहमीचाच: बोर्ड नवा, प्रोसेसर नवा, पण सॉफ्टवेअर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं. टाइम_टी (वेळ सेकंदांत मोजणारा सीमधला टाइप) आणि ऑफ_टी (फाइलमधली जागा बाइटांत मोजणारा टाइप) ३२ वरून ६४ बिट रुंद केल्यावर नेमकं काय कोसळतं?

आधी पाया. साइन्ड, म्हणजे धन-ऋण चिन्ह धरणारा, ३२-बिट टाइम_टी १९७० च्या सुरुवातीपासून २१४७४८३६४७ सेकंदांवर संपतो. म्हणजे १९ जानेवारी २०३८, यूटीसीप्रमाणे पहाटे ३:१४:०७. आपल्याकडे तेव्हा मंगळवारी सकाळचे ८:४४:०७ झालेले असतील. लिनक्स कर्नलने ३२-बिट आर्किटेक्चरांसाठी वेळेचे नवे ६४-बिट सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागण्या) ५.१ मध्ये (मे २०१९) आणले. क्लॉक_गेटटाइम६४ हा ४०३, पीपोल_टाइम६४ हा ४१४, फ्युटेक्स_टाइम६४ हा ४२२ (फ्युटेक्स म्हणजे थ्रेडला थांबवून ठेवणारा कॉल). ड्रायव्हर वगैरे उरलेलं काम ५.६ मध्ये उरकलं.

आता नवी आर्किटेक्चरं. जीलिबसीमध्ये (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) एआरसी २.३२ ला आलं, ३२-बिट रिस्क-फाइव्ह (पुढे आरव्ही३२) २.३३ ला, ओपनरिस्क २.३५ ला. तिन्हींत टाइम_टी आणि ऑफ_टी पहिल्या दिवसापासून ६४ बिट. सी-स्कायचं नशीब मात्र फुटकं. ते २.२९ ला, म्हणजे २०१९ च्या सुरुवातीलाच आत आलं. तेव्हा ५.१ कर्नल बाहेर पडायचा होता, त्यामुळे नवं असूनही ३२-बिट टाइम_टी घेऊन बसलंय.

आरव्ही३२ आणखी एक पायरी पुढे आहे. तिथे जुने टाइम कॉल कर्नलमध्येच नाहीत. गेटटाइमऑफडे नाही, साधा क्लॉक_गेटटाइम नाही, फ्युटेक्स नाही, वेट४ सुद्धा नाही (जीलिबसी तो वेटआयडीवरून भागवते). स्टॅटच्या जागी फक्त स्टॅटएक्स, क्रमांक २९१. त्यामुळे आरव्ही३२ वर बोंब कंपाइल करतानाच होते. जुन्या आर्मवर तोच कोड गपगुमान कंपाइल होतो आणि चुकीचा चालतो. मला यातली पहिली तऱ्हा कधीही पसंत.

कंपायलरकाका

मुद्दा बरोबर. पण आरव्ही३२ वर बोंब झाली की लोक ती ज्या पद्धतीने गप्प करतात, तिथेच खरी गोम आहे.

सगळ्यात जास्त दिसणारा पॅच असा: एसवायएस_फ्युटेक्स डिफाइन नसेल आणि एसवायएस_फ्युटेक्स_टाइम६४ असेल, तर पहिलं नाव दुसऱ्याला चिकटवून द्यायचं. आरव्ही३२ वर एवढं पुरतं. मग तोच कोड कोणीतरी आर्मवर -डी_टाइम_बिट्स=६४ लावून बांधतो. आर्मवर दोन्ही नावं असतात. त्यामुळे पॅच लागू होत नाही आणि कोड जुनाच २४० क्रमांकाचा फ्युटेक्स कॉल करतो, टाइमआउट मात्र नव्या रचनेचा देतो.

बाइट मोजून बघा. अर्ध्या सेकंदाचा टाइमआउट. नव्या टाइमस्पेकमध्ये पहिले ८ बाइट सेकंदांचे, ते सगळे शून्य. पुढच्या ४ बाइटांत ५०००००००० नॅनोसेकंद, मग ४ बाइट भर. जुना कॉल फक्त पहिले ८ बाइट वाचतो: ४ सेकंदांचे, ४ नॅनोसेकंदांचे. लिटल एंडियनवर (खालचे बाइट आधी) दोन्ही शून्य निघतात. कर्नल तत्काळ ईटाइम्डआउट (मुदत संपली) परत करतो, थ्रेड पुन्हा थांबायला जातो, पुन्हा तेच. सीपीयू शंभर टक्के, लॉगमध्ये एक ओळ नाही. टाइमआउट २.५ सेकंदांचा असेल तर २ चा होतो, आणि ते तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

कोणता कॉल करायचा ते नाव आहे की नाही यावरून ठरवू नका, रुंदीवरून ठरवा. टाइम_टीचा आकार लाँगपेक्षा मोठा असेल आणि एसवायएस_फ्युटेक्स_टाइम६४ डिफाइन असेल, तर तो. ईएनओसिस (असा कॉलच नाही) आलं तर टाइमस्पेक ३२-बिटात उतरवून जुना. दोन्ही अटी एकत्र हव्यात, कारण एक्स३२ एबीआयमध्ये (एबीआय म्हणजे कंपाइल झालेल्या कोडांमधला करार; एक्स३२ हा एक्स८६-६४ वरचा ३२-बिट पॉइंटरांचा) लाँग ३२-बिट आणि टाइम_टी ६४-बिट असूनही साधा फ्युटेक्सच बरोबर असतो आणि टाइम६४ नावाचा कॉलच नाही.

सोलापुरी_चादर

मग जुन्या आर्मवर फक्त दोन फ्लॅग लावले की झालं असं म्हणणारे चुकतात का? आमच्याकडे मेकफाइलमध्ये -डी_फाइल_ऑफसेट_बिट्स=६४ आधीपासून आहे, दुसरा फ्लॅग परवा घातला. बिल्ड बिनबोभाट झाला.

कंपायलरकाका

बिनबोभाट झाला हीच काळजीची गोष्ट आहे, चादरराव.

दुसरा फ्लॅग जीलिबसी २.३४ पासून (ऑगस्ट २०२१) कळतो. त्याआधीच्या हेडरांना तो काही कळतच नाही, त्यामुळे चूकही दाखवत नाहीत. २.३४ च्या पुढे पहिला फ्लॅग नसताना दुसरा दिलात तर हेडरच एरर देऊन थांबतं. म्हणून आधी टूलचेनची आवृत्ती बघा.

मग बायनरी तपासा. रीडएल्फला --डिन-सिम्स देऊन सिम्बॉल काढा. आर्मवर रुंद बिल्डमध्ये __क्लॉक_गेटटाइम६४, __स्टॅट६४_टाइम६४, एफओपन६४, एलसीक६४ अशी नावं दिसली पाहिजेत. नुसतं क्लॉक_गेटटाइम किंवा टाइम दिसलं तर ती ऑब्जेक्ट फाइल अरुंद राहिलीय. मुसल या दुसऱ्या सी लायब्ररीच्या १.२.० पासूनच्या बिल्डमध्येही अशीच __स्टॅट_टाइम६४ सारखी नावं असतात. ही कसोटी आरव्ही३२ ला लावू नका. तिथे जुनं काही नव्हतंच, म्हणून साधं नावच रुंद आहे.

आता अरुंद फाइली राहतात कशा. एक, कॉन्फिग.एच हे सिस्टिम हेडरच्या नंतर इन्क्लूड केलेलं असतं. तोवर टाइम_टीची रुंदी ठरून गेलेली असते, आणि एकाच प्रोग्रॅमच्या दोन फायलींत टाइमव्हलचा आकार एकीकडे ८ बाइट, दुसरीकडे १६. फ्लॅग कमांड लाइनवरच द्या. दोन, इम्प्लिसिट डिक्लरेशन. नाव बदलण्याचं काम हेडर करतं. हेडर इन्क्लूडच केलं नाही तर कंपायलर जुन्या नावालाच लिंक करतो. डेबियनने रुंद बिल्डच्या फ्लॅगांबरोबर इम्प्लिसिट डिक्लरेशनला थेट एरर केलं ते याचसाठी. तुम्हीही -डब्ल्यूएरर=इम्प्लिसिट-फंक्शन-डिक्लरेशन लावा.

तीन, डीएलसिम, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना नावाने फंक्शन शोधणं. "क्लॉक_गेटटाइम" ही स्ट्रिंग हेडर बदलू शकत नाही. एलडी_प्रीलोड करून वेळ फसवणारी, मेमरी किंवा आय/ओ मोजणारी सगळी अवजारं इथे आपटतात: प्रोग्रॅम बोलावतो __क्लॉक_गेटटाइम६४ आणि अवजार टपून बसलेलं असतं जुन्या नावावर.

अर्धवट_बिट

लायब्रऱ्यांचं काय? आपली एक .एसओ आहे, तिच्या पब्लिक हेडरमध्ये स्ट्रक्ट टाइमव्हल आहे. ती बाहेरच्या लोकांना बायनरी स्वरूपात जाते.

पोर्टवाली

मग तुमचा एबीआय बदलला, विषय संपला. सोनेम (लायब्ररीचं आवृत्तीसह नाव) बदला. टाइमस्पेक ८ चा १६ बाइट होतो, त्याच्या मागची सगळी फील्डं सरकतात. नव्या प्रोग्रॅमला जुनी लायब्ररी मिळाली तर लोडर तक्रार करणार नाही, सरळ मेमरी खराब होईल.

डेबियनने २०२४ मध्ये आर्मएचएफ आणि आर्मएलसाठी हेच केलं. हजाराच्या वर लायब्ररी पॅकेजांची नावं बदलली, लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४ झालं. आय३८६ मुद्दाम वगळलं, कारण त्या पोर्टचा आज मुख्य उपयोग जुन्या बंद बायनरी चालवण्यासाठी, आणि त्या पुन्हा कंपाइल होणार नाहीत. मुसलवाल्यांनी मात्र १.२.० मध्ये (फेब्रुवारी २०२०) एका झटक्यात सगळ्या ३२-बिट आर्किटेक्चरांवर रुंदी बदलली. त्यांचा ऑफ_टी आधीपासूनच ६४ होता.

बिल्डरूट वापरत असाल तर जीलिबसी टूलचेनसाठी बीआर२_टाइम_बिट्स_६४ हा पर्याय आहे. तो लावल्यावर आउटपुट डिरेक्टरी साफ करून अख्खा बिल्ड नव्याने करा. अर्धा जुना अर्धा नवा रूटफाइलसिस्टिम ही सगळ्यात वाईट अवस्था.

टाकसाळ

टाइम_टीचंच गुऱ्हाळ चाललंय, ऑफ_टीकडे कोणी बघायला तयार नाही. :)

ऑफ_टी रुंद झाला म्हणून २ जीबीची भिंत पडली असं समजू नका. एफटेल लाँग परत करतो आणि आरव्ही३२ वर लाँग ३२-बिटच आहे. फाइल २१४७४८३६४७ बाइटांपलीकडे गेली की एफटेल -१ देतो आणि ईओव्हरफ्लो (आकडा मावत नाही). एफटेलो आणि एफसीको वापरा. रिपोत "एफटेल(" आणि "एफसीक(" ग्रेप केलं तर हमखास काहीतरी सापडतं. तीच गोष्ट साइझ_टी मध्ये फाइलचा आकार धरणाऱ्यांची, फक्त तिथे भिंत ४ जीबीला.

दुसरं, सिसकॉल() मधून (क्रमांक देऊन कर्नलला थेट बोलावणारं फंक्शन) ६४-बिट ऑफसेट थेट पाठवणं. ३२-बिट मशीनवर एक ऑफसेट दोन रजिस्टरांत जातो. कोणत्या दोन, हे आर्किटेक्चर ठरवतं. आर्म ईएबीआयमध्ये कर्नलला जोडी सम क्रमांकाच्या रजिस्टरपासून हवी. म्हणून रीडअहेड हाताने बोलावताना क्रम असा: एफडी, मग एक रिकामं शून्य, मग ऑफसेटचा खालचा अर्धा, वरचा अर्धा, मग काउंट. आरव्ही३२ वर ते शून्य नको. तसंच ठेवलंत तर ऑफसेटचा खालचा अर्धा शून्य होतो आणि सगळं एका घराने पुढे सरकतं.

आरव्ही३२ ची खास फसगत फॅलोकेटला होते. सिसकॉल() व्हेरिअॅडिक आहे (आर्ग्युमेंट किती ते ठरलेलं नसतं), आणि आरव्ही३२ च्या एबीआयमध्ये व्हेरिअॅडिक ६४-बिट आर्ग्युमेंट सम रजिस्टरपासूनच सुरू होतं. कॉल क्रमांक ए० मध्ये, एफडी ए१, मोड ए२. ऑफसेटने ए३ ला जायला हवं होतं, पण तो ए३ सोडून ए४-ए५ मध्ये बसतो. सिसकॉल() सगळं एक घर डावीकडे सरकवतो, तेव्हा कर्नलच्या ए२ मध्ये कचरा. पीरीड६४ ला मात्र योगायोगाने नेमकं जुळतं, म्हणून "मी ६४-बिट थेट पाठवून बघितलं, चालतं" असं सांगणारे भेटतात. नियम सोपा: दोन ३२-बिट अर्धे स्वतः पाडून द्या. त्याहून सोपा नियम: जीलिबसीचं फंक्शन असताना सिसकॉल() ला हातच लावू नका.

अर्धवट_बिट

+१. ३२-बिट ऑफ_टीचा आणखी एक तमाशा: क्यूईएमयू-युजर या एम्युलेटरमध्ये आर्म बायनरी चालवली आणि खाली ६४-बिट होस्टची एक्स्ट४ असेल, तर रीडडिर ईओव्हरफ्लो देऊन डिरेक्टरी रिकामी भासवतो. होस्ट ६४-बिटी हॅश डी_ऑफ म्हणून देतो, तो ३२ बिटांत मावत नाही. सीमेकला फायली "सापडत नाहीत" त्या यामुळे. रुंद ऑफ_टीने बांधलं की प्रश्न मिटतो.

सोलापुरी_चादर

कंटेनरमध्ये वेगळीच गंमत. आर्मव्ही७ बोर्डावर अल्पाइन ३.१२ ची इमेज नीट चालते. ३.१३ घेतली की डेट भलतंच काही दाखवते आणि एपीके अपडेट टीएलएसवर अडकतं. होस्टचं घड्याळ बरोबर आहे.

पोर्टवाली

अल्पाइन ३.१३ मध्ये मुसल १.२ आलं. ते थेट क्लॉक_गेटटाइम६४ बोलावतं. होस्टवरच्या जुन्या लिबसेककॉम्पला (सिस्टिम कॉल गाळणारी लायब्ररी) ४०३ क्रमांक माहीत नाही, म्हणून डॉकरचं फिल्टर ईपर्म (परवानगी नाही) देतं. मुसल जुन्या कॉलवर उतरतं ते फक्त ईएनओसिस आलं तर. ईपर्म आलं की ती खरी चूक समजून कॉल फसला म्हणतं, आणि टाइम() ने परत मिळालेला आकडा म्हणजे कशाचा तरी उरलेला कचरा. प्रमाणपत्रं "अजून लागू नाहीत" किंवा "मुदत संपली" होतात ती त्यामुळे.

होस्टवर लिबसेककॉम्प २.४.२ किंवा पुढचं आणि डॉकर १९.०३.९ किंवा पुढचं हवं. खात्री करून घ्यायला एकदाच --सिक्युरिटी-ऑप्ट सेककॉम्प=अनकन्फाइन्ड देऊन चालवा. तारीख सुधारली तर निदान पक्कं. तो पर्याय प्रॉडक्शनला ठेवू नका.

स्वतःचं सेककॉम्प फिल्टर लिहिणाऱ्यांसाठी: अनोळखी कॉलला ईपर्म नाही, ईएनओसिस द्या. आरव्ही३२ वर तर क्लॉक_गेटटाइम६४, पीपोल_टाइम६४, फ्युटेक्स_टाइम६४ आणि स्टॅटएक्स यांना वाट दिल्याशिवाय प्रोग्रॅम धड उभाच राहत नाही. शिवाय आरव्ही३२ ला बराच काळ व्हीडीएसओमध्ये (कर्नलमध्ये न जाता वेळ सांगणारा कोड) घड्याळच नव्हतं, प्रत्येक वेळ-विचारणा खरा सिस्टिम कॉल. फिल्टरमधली चूक त्यामुळे लगेच उघडी पडते, आणि वेगाचं गणितही बदलतं. प्रत्येक लॉग ओळीला वेळ विचारणारा कोड तिथे जाणवण्याइतका मंद होतो.

कंपायलरकाका

कंपाइल एररमध्ये वारंवार येणारा आणखी एक: "स्ट्रक्ट इनपुट_इव्हेंटमध्ये टाइम नावाचा मेंबर नाही". टचस्क्रीन, कीपॅड वाचणाऱ्या प्रत्येक कोडात हे येतं. कर्नलने तिथे रचनेचा आकार तोच ठेवला आणि सेकंद अनसाइन्ड लाँग केले. ईव्ही.टाइम.टीव्ही_सेक ऐवजी ईव्ही.इनपुट_इव्हेंट_सेक आणि ईव्ही.इनपुट_इव्हेंट_यूसेक लिहा. ते २१०६ पर्यंत चालतं.

प्रिंटएफमध्ये %एलडी टाकलेलं असेल तर -डब्ल्यूफॉरमॅट ओरडेल. टाइम_टी आणि ऑफ_टी दोन्ही इंटमॅक्स_टी मध्ये कास्ट करून %जेडी ने छापा. लाँगमध्ये कास्ट करून वॉर्निंग बंद करणारे पॅच रिव्ह्यूतच परत पाठवावेत, त्यांनी रोग तसाच राहतो आणि तापमापक तेवढा फुटतो.

टाकसाळ

पोर्टवालीबाईंनी सुरुवातीला कर्नल, लिबसी सांगितलं, पण डिस्कवर काय लिहिलं जातं ते राहिलं. तिथे ६४-बिट मशीनवाल्यांचीही सुटका नाही.

एक्स्ट४ मध्ये आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) १२८ बाइटांचा असेल तर वेळ २०३८ ला संपते. २५६ चा असेल तर जादा दोन बिट मिळतात, २४४६ पर्यंत. एम्बेडेडवाल्यांनी विशेष बघा: एमकेई२एफएस लहान फाइलसिस्टिमला, म्हणजे ५१२ एमबीच्या आतल्यांना, आपणहून १२८ चा आयनोड द्यायचं. ई२एफएसप्रोग्ज १.४६.४ ला ते बदललं. तपासायला ट्यून२एफएस -एल, त्यात "इनोड साइझ" ची ओळ. मेसेजबफरमध्येही माउंट करताना "सपोर्ट्स टाइमस्टॅम्प्स अनटिल २०३८" असा इशारा येतो. ट्यून२एफएस -आय २५६ ने वाढवता येतं खरं, पण फ्लेक्स_बीजी चालू असेल तर ते नकार देतं. बहुतेक ठिकाणी ते चालूच असतं, तेव्हा बॅकअप आणि नव्याने फॉरमॅट.

एक्सएफएसला बिगटाइम हवं. कर्नल ५.१० पासून, २४८६ पर्यंत पुरतं. एक्सएफएसप्रोग्ज ५.१५ पासून नवी फाइलसिस्टिम आपोआप तशीच बनते. जुनीला अनमाउंट करून एक्सएफएस_अॅडमिन -ओ बिगटाइम=१.

आणि यूटीएमपी, म्हणजे लॉगिनांची नोंदवही. एक्स८६-६४ वरसुद्धा त्यातला वेळ ३२-बिटच आहे, कारण ३२ आणि ६४-बिट प्रोग्रॅमांनी एकच फाइल वाचावी म्हणून तसं ठेवलं होतं.

अर्धवट_बिट

लिनक्स नसलेल्यांचं? सीडॅकच्या एरीज बोर्डावर थेजस३२ आहे, आत 'वेगा' नावाच्या मालिकेतला ३२-बिट रिस्क-फाइव्ह गाभा, २५६ केबी एसरॅम. तिथे लिनक्सचा प्रश्नच नाही, न्यूलिब ही छोटी सी लायब्ररी लागते.

पोर्टवाली

न्यूलिबमध्ये टाइम_टी ३२-बिट टार्गेटवरही ६४-बिटच येतो, टूलचेन बांधताना कोणी मुद्दाम लाँग टाइम_टी मागितला नसेल तर. ऑफ_टी मात्र लाँग, म्हणजे ३२. थोडक्यात लिनक्सवर दोन्ही हातात हात घालून रुंद होतात तसं तिथे होत नाही. एसडी कार्डावर २ जीबीपेक्षा मोठी फाइल लिहायची तर फॅटच्या लायब्ररीचा स्वतःचा आकार-टाइप वापरा, एलसीकवर विसंबू नका.

सोलापुरी_चादर

चाचणी कशी घ्यायची? क्यूईएमयूमध्ये -आरटीसी बेस=२०४०-०१-०१ दिलं तर बूट झाल्यावर घड्याळ १९७० ला. म्हणजे कर्नल नापास?

कंपायलरकाका

नापास नाही. ३२-बिट कर्नलमध्ये बूटच्या वेळी आरटीसीवरून (बोर्डावरच्या घड्याळ-चिपवरून) घड्याळ लावणारा कोड २०३८ पलीकडची तारीख जाणूनबुजून नाकारतो, ईरेंज देऊन. दोन उपाय. बेस २०३८-०१-१९टी०३:१३:०० द्या, म्हणजे बूट सीमेच्या अलीकडे होईल आणि मिनिटभराने चालत्या सिस्टिमवर सीमा ओलांडली जाईल. किंवा नेहमीसारखं बूट करून डेट -यू -एस ने पुढे ढकला. दोन्ही वेळा एनटीपीचा डिमन आधी थांबवा, नाहीतर तो घड्याळ मागे खेचतो.

आर्मवर चाचणीसाठी कर्नल वेगळा बांधा, कॉन्फिग_कॉम्पॅट_३२बिट_टाइम बंद करून. जुने टाइम कॉल ईएनओसिस देतील आणि अरुंद राहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम २०३८ ची वाट न बघता आजच पडेल. एसट्रेस -एफ लावून ईएनओसिस ग्रेप करा, दोषी कोण ते लगेच कळतं.

आणि २०३८ आधी २०३६ येतंय. एनटीपीचा ३२-बिट सेकंदांचा काउंटर ७ फेब्रुवारी २०३६ ला उलटतो. स्वतः लिहिलेला एसएनटीपी क्लायंट असेल तर त्यातून २२०८९८८८०० वजा करणारी ओळ शोधून ठेवा.

अर्धवट_बिट

पायथॉनमधून सीटाइप्सने सीची फंक्शनं बोलावतो, तिथे टाइम_टी म्हणून सी_लाँग लिहिलंय. आरव्ही३२ वर?

पोर्टवाली

मोडेल. लाँग ४ बाइट, टाइम_टी ८. पायथॉन ३.१२ पासून सीटाइप्समध्ये सी_टाइम_टी आहे, तो घ्या. त्याआधीच्या आवृत्तीवर सी_इंट६४, पण फक्त आरव्ही३२ किंवा मुसलवर, कारण जीलिबसीच्या आर्मवर "टाइम" या नावाने मिळणारं फंक्शन अजून जुनंच आहे. वर काकांनी डीएलसिमबद्दल लिहिलंय तेच कारण. तिथे __टाइम६४ हे नाव मागावं लागेल.